वहीच्या मागच्या पानांवर

गोसीखुर्द, २०२५

१६ जानेवारी
टीव्हीवर आठवा वेतन आयोग. केंद्राने मंजूर केला. लहान्याचा लगेच फोन, "ताई, बातमी पाहिली का?" पाहिली. ह्यांनी रिमोट घेऊन क्रिकेट लावलं.

१९ जानेवारी
वहीच्या पुढच्या बाजूने ह्यांचा हिशेब, मागच्या बाजूने माझं हे. कुठे तरी मधे गाठ पडेल.

नालीचं काम निम्म्याच्या वर गेलं. हातात रुपया नाही. मोठ्या ठेकेदाराचं बिल वर अडलं, म्हणून आमचंही. आम्ही पेटी ठेकेदार. त्यांच्या ताटात पडलं की आमच्या वाटीत.

२५ जानेवारी
शनिवार. चुकारा. चार बाया ३०० रुपयांनी, चार गडी ४५०, दोन मिस्त्री ७००. सहा दिवसांचे २६,४००. घरात होते १९ हजार. बाकीचे किराणावाल्याकडून आणले. दारात उभं राहून घेतले, पदर डोक्यावरून.

एका बाईच्या बोटांना सिमेंटने चिरा पडल्यात. नोटा मोजताना थुंकी लावत नाही, झोंबते म्हणून. दोनदा मोजल्या. मग म्हणाली, "बाई, तुमालेबी भेटते का काई, का फुकटच लिवता?"

हसले.

२ फेब्रुवारी
लहान्या येऊन गेला. मोबाइलवर पगारपत्रक दाखवलं. मूळ वेतन २५,५००. महागाई ५० टक्के, १२,७५०. घरभाडं वेगळं. एका स्क्रीनमध्ये मावलं सगळं. आमचा महिना मांडायला तीन पानं लागतात आणि शेवटी पेन्सिल.

त्याचं पद स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक. २०२३ च्या नोव्हेंबरात जलसंपदाची ४,४९७ जागांची जाहिरात निघाली, त्यातल्या १,५२८ ह्या पदाच्या. रुजू झाला सप्टेंबरात. मोजमापाची एम.बी. कशी भरायची ते मला विचारतो. फोनवर सांगते.

५ फेब्रुवारी
राज्यातल्या ठेकेदारांनी आजपासून काम बंद ठेवलं. थकबाकी ८९ हजार कोटी, असं संघटना म्हणते. ८९ हजार कोटीत आमचे ११ लाख कुठे असतील? बघायला भिंगही पुरायचं नाही.

हे म्हणाले, "आपण बंद ठेवलं तर कोणाले कळन?" काम चालू.

८ फेब्रुवारी
पाटल्या ठेवल्या. सोनाराने तोलल्या तेव्हा काट्याकडे पाहिलं नाही, कॅलेंडरकडे पाहिलं.

११ फेब्रुवारी
धरणावर गेले होते सहज. ३३ दारं, सगळी बंद. पाणी गच्च उभं. वारा नव्हता. त्या पाण्याखाली कुठे तरी आमची चिंच. बाबा दरवेळी बोट दाखवतात आणि दरवेळी वेगळीकडे.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. आंभोऱ्याला गेलो. चैतन्येश्वराची रांग खाली घाटापर्यंत. नव्या पुलावर दर्शनापेक्षा सेल्फीवाले जास्त.

परतीच्या वाटेवर लहान्या सांगतो, कालच शासन निर्णय निघाला. महागाई भत्ता ५३ टक्के, जुलैपासूनचा. महिन्याला ७६५ वाढले, सप्टेंबर ते जानेवारीचा फरक ३,८२५. "काहीच नाही गं ताई, चिल्लर."

ह्यांनी गाडी जरा जोरात घेतली.

१ मार्च
लहान्याच्या पगारातून व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापला, एरवी २०० असतो. त्यावर दहा मिनिटं कुरकूर. पेन्शनचे १० टक्के कापतात, सरकार वर १४ टाकतं. ते १४ तो बोलत नाही.

आमच्याकडे कापणारे पुष्कळ. टाकणारं कोणी नाही.

९ मार्च
लहान्याला पाहायला पाहुणे. मुलीच्या मामाने पहिलाच प्रश्न केला, "परमनंट ना?" मग चहा.

माझ्या वेळी, २०१८ ला, बाबा सगळीकडे सांगत फिरले होते, जावई ठेकेदार आहे, बोलेरो आहे. बोलेरो आता रेती वाहते.

आईने पोह्यांत लिंबू जास्त पिळलं. घाबरली की पिळते.

१४ मार्च
धुळवड. कामावर कोणी नाही. बरं वाटलं. आज कोणाला काही द्यायचं नाही.

१७ मार्च
कपाट आवरताना डिप्लोम्याच्या मार्कशीट सापडल्या. माझी आणि लहान्याची एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझे ७४ टक्के, त्याचे ६१. त्याच पिशवीत प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याची झेरॉक्स. भरतीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के. दाखला कुटुंबात एकालाच.

पिशवी परत होती तिथे ठेवली.

३० मार्च
पाडवा. शेजारच्यांचा सालगडी बदलला. ओसरीवर बसून बोलणं झालं: इतके पैसे, इतके धान, एक जोडी कपडे, सणाला उचल. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. चहाचे कप गेले आणि ठरलं. सही नाही, अंगठा नाही. वर्षाला काय पडणार, हे त्याला आजच माहीत आहे. ह्यांना नाही.

३१ मार्च
ईद असूनही बँका सरकारी कामापुरत्या उघड्या. मार्च एंडिंग. हे सकाळी सातलाच गेले, मोठ्या ठेकेदाराच्या दारात बसून राहिले.

रात्री सव्वाअकराला मोबाइल वाजला. आले.

आधी विश्वास बसेना. मग दोघांनाही भूक लागली. पिठलं टाकलं.

१ एप्रिल
हिशेब.

बिल ११,४०,०००. सिमेंट, गिट्टी, रेती, सळई ६,३५,०००. चुकारे २,७०,०००. मिक्सर, जेसीबी, डिझेल ६२,०००. उरले १,७३,०००. इथपर्यंत ह्यांचा चेहरा छान होता.

टीडीएस ११,४००. अनामत ५७,०००, ती दोन वर्षांनी, नाली फुटली नाही तर. चार लाखांच्या उधारीवर चार महिन्यांचं व्याज, शेकडा दोनने, ३२,०००.

हातात ७२,६००. पाच महिन्यांचं काम. महिना १४,५२०.

अनामत आणि टीडीएस परत आले असं धरलं तर २८,२००. "धरलं तर" असं लिहूनच ठेवलं बाजूला.

माझी मजुरी धरली नाही. इस्टिमेट, मोजमाप, बिलं, जीएसटीवाल्याकडच्या फेऱ्या. बाईने विचारलं होतं ते आठवलं.

रोहयोची मजुरी आजपासून ३१२, काल २९७ होती. म्हणजे आपल्या ३०० ला आता बाया नाही यायच्या. बरोबरच आहे.

३ एप्रिल
पाटल्या आणल्या. एक जरा वाकली आहे. की आधीच होती?

१० एप्रिल
बाबांची पेन्शन जमा झाली. बाबा रोजंदारीवर लागले होते, पाच वर्षांनी "कालेलकरमध्ये" घेतलं. १९६७ चा तो कालेलकर निवाडा. कालेलकर कोण, हे बाबांना आजही ठाऊक नाही. तरी देव्हाऱ्यात फोटो लावावा इतकं प्रेम.

म्हणाले, "तुमच्या येळी कालेलकर नाही राहिला बाई."

मी म्हटलं, दाखला होता ना बाबा.

ऐकू आलं नसावं. टीव्ही मोठ्याने चालू होता.

१५ एप्रिल
लहान्याचं लग्न ठरलं. आता घर बांधायचं. बँकेने तीन महिन्यांची पगारपत्रकं पाहिली आणि कर्जाला हो म्हटलं. ह्यांनी मिक्सरसाठी मागितलं होतं तेव्हा तीन वर्षांची रिटर्न, दोन जामीनदार.

२२ एप्रिल
१९८८ ला आजच्याच तारखेला राजीव गांधींनी धरणाची पायाभरणी केली. बाबा दरवर्षी सांगतात, हेलिकॉप्टरची धूळ जेवणाच्या डब्यात गेली होती. तेव्हा धरणाचा अंदाज ३७२ कोटींचा. यंदा लहान्या मधेच म्हणाला, "म्हणजे इस्टिमेटच चुकलं होतं." सगळे हसले. बाबा नाही.

जेवण झाल्यावर लहान्या ह्यांना म्हणाला, "भाऊजी, घराचं काम तुम्हीच घ्या. घरचा माणूस." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. इस्टिमेट मी करणार हे तिघांनाही माहीत.

"ताईचं काय, ती करूनच देते," लहान्या.

२३ एप्रिल
नवीन पान काढलं, पुढच्या बाजूने. पाया खोदाई. काळी माती, खोल जावं लागेल. पी.सी.सी. कॉलम. विटा. स्लॅब. नळ आणि वीज, वेगळं.

शेवटी एक ओळ घातली, आजवर कधी घातली नव्हती: देखरेख व हिशेब, दरमहा २५,५००. भत्ते धरले नाहीत.