अर्जनवीस कुठे गेला?

तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारा अर्जनवीस आमच्या पिढीने पाहिला आहे. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. हा फारसी शब्द मराठीत इतका मुरला की फडणवीस, चिटणीस ही आडनावं घेताना तो कुणाच्या लक्षातही येत नाही. लोकांना लिहिता येत नव्हतं म्हणून अर्जनवीस लागायचा, हे अर्धंच खरं. चार बुकं शिकलेला माणूसही त्याच्याकडे जायचा, कारण कचेरीची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी होती. पुढे अर्ज ऑनलाइन झाले. आता मधला माणूस जाईल, असं आपल्याला सांगण्यात आलं. तो गेला नाही. झाडाखालून उठून पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला आणि त्याच्यासमोर कागदाऐवजी कीबोर्ड आला.

दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की मोहल्ल्यातल्या काही मुली मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. मुली हुशार असतात. रील बनवतात, यूपीआयने पैसे पाठवतात, गुगल मॅप लावून नातेवाइकांचं घर शोधतात. पण अर्जाच्या दुसऱ्या पानावर अडकतात.

पहिली अडचण नावाची. समजा, शाळेच्या दाखल्यावर मुलीचं नाव 'शेख आयेशा रफिक' आहे. अर्जात तीन चौकटी असतात: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आयेशा पहिल्या चौकटीत टाकलं तर दाखल्याशी क्रम जुळत नाही. दाखल्याप्रमाणे टाकलं तर मुलीचं नाव शेख आणि आडनाव रफिक होतं. आधार कार्डावर 'आयेशा रफिक शेख' असतं, बँकेच्या पासबुकात नुसतंच 'शेख आयेशा'. तिन्ही कागद खरे, मुलगी एकच. स्क्रीनवर मात्र लाल अक्षरं उमटतात: माहिती जुळत नाही. कोणती माहिती, कशाशी जुळत नाही, आता काय करायचं, यातलं एक अक्षर नाही. फोटो किती केबीचा हवा, हे फोटो चढवल्यावर कळतं. तो लहान करून आणेपर्यंत वेळ संपलेली असते, आणि भरलेलं सगळं पुसून आपण पुन्हा पहिल्या पानावर. शेजारी बसलेली अम्मी विचारते, "आपा, ये लाल-लाल क्या आरा?" तिला वाटतं, पोरीचंच काहीतरी चुकलं.

मग शेवटी शेडमध्ये जायचं. अम्मीची दिवसाची मजुरी बुडते, वर अर्ज भरायचे पैसे. फी परवडत नाही म्हणून जी मदत मागायची, ती मागायलाच आधी खर्च. याहून वाईट गोष्ट पुढच्या वर्षी कळते. घाईत अर्जात मोबाइल नंबर सेंटरवाल्याचा टाकलेला असतो, पासवर्डही त्याच्याच वहीत. नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्याच्या फोनवर येतो. सेंटर बंद झालं असेल किंवा नंबर बदलला असेल, तर मुलीचा अर्ज मुलीच्याच हातात नसतो.

हे लिहिताना त्या सेंटरवाल्या भाईंवर राग काढणं सोपं आहे. पण मी त्यांना काम करताना पाहिलं आहे. दिवसाला चाळीस-पन्नास अर्ज भरतात. माउसला हात लावत नाहीत. टॅब, टॅब, एंटर. कोणत्या चौकटीनंतर कोणती येते, हे बोटांना पाठ. एका वर्षी तो अर्ज 'सोपा' करण्यात आला. एका पानावर एकच प्रश्न, खाली मोठं 'पुढे' बटण, आणि ते बटण फक्त माउसनेच दाबलं जायचं. भाई वैतागले. रांग दुप्पट झाली. गंमत म्हणजे नावाच्या तीन चौकटी आणि ती मुकी लाल अक्षरं तशीच राहिली. नवख्याला काही मिळालं नाही आणि सराईताचा हात मात्र बांधला गेला.

हा घोळ मोठमोठ्या कंपन्यांनीही घातला आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस 97 मध्ये नवख्यांच्या मदतीला डोळे मिचकावणारी एक क्लिप आणली. पत्र लिहायला घेतलं की ती पुढे येऊन मदत हवी का विचारायची. शंभरावं पत्र लिहिणाऱ्यालाही विचारायची. लोक इतके कंटाळले की 2007 च्या आवृत्तीत तिला कायमचा निरोप मिळाला. ऑफिस 2000 मध्ये कमी वापरातल्या आज्ञा मेनूतून लपवण्याचा प्रयोग झाला. हेतू गर्दी कमी करण्याचा होता, पण काल पाहिलेली वस्तू आज जागेवर दिसेना. 2012 मध्ये विंडोज 8 ने स्टार्ट बटणच काढून टाकलं, आणि वर्षभरात 8.1 मध्ये ते परत आणावं लागलं.

मग दोघांना सांभाळणं अशक्यच आहे का? नाही. एकेकाळी आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमधून वर्डस्टार शिकवलं जायचं. 1978 चं सॉफ्टवेअर, माउस नाही, चित्रं नाहीत. त्यात कंट्रोल आणि के दाबून तुम्ही क्षणभर थांबलात, तर पुढे काय काय करता येईल याची यादी स्क्रीनवर यायची. न थांबता पुढची कळ दाबलीत, तर यादी यायचीच नाही, काम होऊन जायचं. जो अडखळला त्याला मदत, ज्याला ठाऊक आहे त्याला मोकळा रस्ता. 'तुम्ही नवखे आहात का?' असं कुणी विचारायचं नाही.

आपल्या घरात याहून कितीतरी जुना दाखला आहे. सुरुवातीच्या काळातल्या कुरआनच्या प्रतींमध्ये जबर, जेर, पेश नव्हते. अरबी ही ज्यांची आईची भाषा होती, त्यांचं त्यावाचून अडत नव्हतं. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, इतर भाषा बोलणारी माणसं कुरआन वाचू लागली, तेव्हा उच्चार चुकू लागले. स्वरांच्या खुणांचं श्रेय परंपरेने अबुल अस्वद दुअली यांना दिलं जातं, आणि त्यांना आजचं रूप देण्याचं खलील इब्न अहमद यांना. आधी रंगीत ठिपके होते, नंतर अक्षरांच्या वर-खाली बारीक रेघा आल्या. मूळ अक्षरं जिथल्या तिथे राहिली. मकतबमधलं पोर त्या खुणांना धरून वाचतं आणि हाफिज त्याच पानावरून सरसर पुढे जातो. कुठे थांबायचं हे सांगणारे छोटे मीम, तोय, जीमही तसेच. ज्याला हवं तो पाहतो, बाकीच्यांची वाट ते अडवत नाहीत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी यापेक्षा वेगळं काय करायचं आहे?

ॲलन कूपर या सॉफ्टवेअर डिझायनरने 1995 च्या 'अबाउट फेस' या पुस्तकात मांडलं की नवखा माणूस फार दिवस नवखा राहत नाही आणि पुरता तज्ज्ञही क्वचितच होतो. बहुतेक लोक कायम मध्येच असतात, आणि डिझाइन त्यांच्यासाठी हवं. रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरला हे लागू पडतं. पण वर्षातून एकदा भरायच्या अर्जाचं काय? तिथे मधला टप्पाच नाही. मुलगी दरवर्षी नव्याने नवखी होते आणि सेंटरवाले भाई दरवर्षी आणखी तरबेज. अर्ज तर भरले जातात, पण कुणाच्या हातून भरले जातात, हे आकड्यांत दिसत नाही. त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय असं वरच्यांना वाटत राहतं.

मागणी फार मोठी नाही. दाखल्यावर आहे तसं पूर्ण नाव लिहायला एकच चौकट द्या. कोणते दोन कागद जुळत नाहीत, ते दोन्ही नावं शेजारी ठेवून दाखवा. फोटोचा आकार आधी सांगा, नाहीतर तुमच्या यंत्रालाच तो लहान करू द्या. भरलेलं जपून ठेवा. आणि भाईंची टॅबची कळ चालू राहू द्या, कारण ज्यांच्या घरात चालता फोन नाही त्यांना भाई लागणारच आहेत.

नवा अर्ज तयार झाला की तो तपासायला दोघांना बोलवा: अकरावीतली एक मुलगी आणि पत्र्याच्या शेडमधले भाई. मुलीने कुणाला न विचारता तो पुरा करावा आणि भाईंनी घड्याळाकडे न पाहता. दोघांनी 'झालं' म्हटलं की मगच तो लोकांसमोर आणा.