दादरला मेकअप बघायला

मुंबईत लग्न ठरले की घरच्या बायकांची पहिली फेरी दादरला होते, मग घर अंबरनाथला असो नाहीतर विरारला. मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वे इथे मिळतात, म्हणून व्याह्यांकडची माणसेही सहज येऊन भेटतात. २०२३ च्या डिसेंबरात फलाटांचे नंबर बदलले, मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला. आमच्या वयाच्या बायका अजूनही 'जुना की नवा?' असे विचारूनच भेटायची जागा ठरवतात.

पूर्वेला डॉ. आंबेडकर रोडने परळच्या बाजूला चालत गेले की हिंदमाता लागते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यासाठी प्रसिद्ध, एरवी साड्यांसाठी. माझ्या भाचीची लग्नाची पांढरी साडी इथेच घेतली. पांढरा म्हणजे एकच रंग असे वाटते, पण दुकानदाराने पाच-सहा साड्या उलगडल्या तेव्हा एक निळसर, एक दुधाळ, एक मोतिया असे फरक दिसू लागले. आपल्याकडे मंगल परिणयाला वधू बहुधा पांढऱ्या साडीत उभी राहते. लाल शालूत खपून जाणारा चेहऱ्यावरचा चुकीचा रंग पांढऱ्या साडीजवळ लपत नाही. म्हणून मेकअप आधी एकदा करून बघायचा, ज्याला पार्लरवाल्या ट्रायल म्हणतात, असे आम्ही ठरवले.

घरात बोलणे झालेच. "एकदा तोंड रंगवायचे, त्याला दोनदा पैसे?" असे भाऊजी म्हणाले. कष्टाचा पैसा मोजून वापरणाऱ्या माणसाचा तो रास्त प्रश्न होता. काही पार्लरवाल्या ट्रायलचे वेगळे पैसे घेतात, काही ते लग्नाच्या रकमेतून वजा करतात. फोनवरच हे विचारून घेतले आणि वजा करणारी निवडली. सोबत फक्त मी. पाचजणी गेल्या की पाच मते होतात आणि नवरी गप्प बसते.

त्याआधी शेजारणीने पंधरा दिवसांत उजळ करणारी एक ट्यूब सुचवली होती. भगिनींनो, अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. आधी चेहरा खुलल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, पुरळ येते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम बंद केले की आग होते. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती हातोहात फिरतात. ट्यूब आम्ही घेतली नाही.

ट्रायलच्या आदल्या दिवशी आयब्रो, फेशियल काही केले नाही, कारण ताज्या सोललेल्या कातडीवर काहीही झोंबते. पिशवीत साडीचा ब्लाऊजपीस, कानातले, आणि भाचीचा तोंड न रंगवलेला एक फोटो. पश्चिमेच्या फुलबाजारातून मोगऱ्याचा गजरा घेतला.

पार्लर रानडे रोडजवळ, वरच्या मजल्यावर. बाई हाताने चांगली होती. पण डबी उघडताच म्हणाली, "दोन शेड वरचा घेऊ या, फोटोत छान दिसेल."

भाची सावळी आहे. लहानपणापासून तिने 'नाकीडोळी नीटस आहे, पण...' हे वाक्य किती वेळा ऐकले असेल! मी काही बोलणार तोच तीच म्हणाली, "ताई, त्यांनी मला याच रंगात पसंत केलंय. मला माझ्याच रंगात ठेवा."

बाई क्षणभर थांबली आणि तिने दुसरी डबी काढली. रंग मनगटावर न बघता जबड्याच्या कडेला तीन पट्ट्या ओढून बघितला. त्यातली जी पट्टी गळ्याच्या रंगात मिसळून दिसेनाशी झाली ती घेतली. आम्ही खिडकीशी जाऊन उजेडात पाहिले, मग एक फोटो फ्लॅशने आणि एक बिनफ्लॅशचा काढला. उन्हापासून वाचवणाऱ्या काही क्रीममुळे फ्लॅशमध्ये तोंड पिठासारखे पांढरे येते, हे तिथेच कळले. मेकअपखालचे तसले क्रीम बदलायला सांगितले.

खरी परीक्षा परतीच्या गाडीत झाली. लग्न मे महिन्यातले. संध्याकाळची गर्दीची लोकल, घाम, धक्के. काही रंग तासाभराने गडद होतात, म्हणून तोंड न धुताच यायचे असे ठरले होते. कल्याणपर्यंत काजळ जागेवर राहिले, नाकाच्या बाजूला मात्र रंग फाटला. समोर बसलेल्या एका बाईने विचारले, "कुठं लग्नाला गेला होता का?" भाची हसली.

दुसऱ्या दिवशी फोन करून नाकाचे सांगितले. बाई म्हणाली, तिथे थर पातळ ठेवीन, वर पावडर लावीन. मग विसार पाठवला आणि चिठ्ठीवर लिहून घेतले: हॉलवर सकाळी किती वाजता येणार, स्वतः येणार की मुलगी पाठवणार, आणि कुठल्या नंबरची डबी.