दाईचा लळा

आई ऑफिसातून परतते आणि दीड वर्षाचे मूल सांभाळणाऱ्या बाईच्या पदराआड लपते, वर ‘दाई’ म्हणून तिलाच बिलगते. रायपूरच्या मराठी घरांत हा प्रसंग नवा नाही. छत्तीसगढीत दाई म्हणजे आईच! आईच्या काळजात चर्र होते. बाई बदलून टाकावी, असा विचार त्याच रात्री मनात येतो.

बाई बदलली की आईची धास्ती जाईल, पण मुलाचे हक्काचे माणूसही जाईल.

ग्लासगोमध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० तान्ह्या बाळांचे निरीक्षण करून १९६४ मध्ये निष्कर्ष मांडले. दीड वर्षाची होईतो बहुतेक बाळांना आईखेरीज बाबा, आजी, शेजारी असे आणखीही जिवलग लाभले होते. लळा लागला तो हाकेला धावणाऱ्याचा, खेळणाऱ्याचा. केवळ दूध पाजणाऱ्याचा नव्हे. तेव्हा दाईची माया आईच्या वाट्यातून वजा होत नाही. उलट माणसे सारखी बदलली, तर मूल जीव लावायलाच कचरते. ते रडत नाही, म्हणून घरचे त्याला ‘गुणी’ म्हणतात! जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ च्या माहितीपटातली दोन वर्षांची लॉराही इस्पितळात फारशी रडली नव्हती. ती आतल्या आत मिटत गेली होती.

भाद्रपदात तीजाला बाई माहेरी जाणारच. तिच्या जागी येणारीने आठ दिवस आधीपासून तिच्यासोबत घरात वावरावे. आईनेही सकाळी नजर चुकवून निसटू नये. ‘येते हं’ म्हणावे. मूल रडेल, रडू द्यावे. संध्याकाळी मात्र पर्स बाजूला ठेवून आधी दहा मिनिटे त्याच्याजवळ बसावे. चहा नंतर.