आईच्या ओव्या आणि मोबाईलमधला स्टुडिओ

मी एका कचेरीत लिपिक आहे. शिक्षण बी.कॉम. सुटीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांचे फॉर्म भरून देणे, म्हाताऱ्यांच्या पेन्शनची कागदपत्रे लावून देणे अशी कामे करतो. गाण्यातले मला काही कळत नाही. तरीही आज मोबाईलवर गाणी तयार करण्याच्या ॲपविषयी लिहायला बसलो आहे, याचे कारण म्हणजे आमच्या घरात झालेली एक हानी. ती आमच्याच अज्ञानाने झाली. दुसऱ्या कुणाच्या घरी ती होऊ नये म्हणून हा लेख.

आमचे वडील ढोलकी वाजवत. १९९० च्या सुमारास, मी लहान असताना, त्यांची गायन पार्टी होती. कंपनीतून सुटले की चार गल्ल्यांतली माणसे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जमायची आणि रात्री उशिरापर्यंत तालीम चालायची. आपली एक तरी कॅसेट निघावी अशी त्या साऱ्यांची फार इच्छा होती. पण स्टुडिओचे भाडे तासावर. वर्गणी जमायची, आणि कुणाचे तरी आजारपण निघाले की त्यातच खर्च व्हायची. वडील गेले, पार्टीतले बहुतेक सगळे गेले, पण त्यांच्या आवाजाची एकही खूण मागे राहिली नाही. राहिली ती फक्त ढोलकी.

ती ढोलकी आता माझ्या भाच्याकडे आहे. ताईचा हा मुलगा, वय १९, आयटीआयला शिकतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात तो मला म्हणाला, "मामा, आता स्टुडिओला जायची गरज नाही. फोनमध्येच सगळा स्टुडिओ असतो." त्याने एक मोफत ॲप उतरवून घेतले आणि पहिला आवाज धरला तो माझ्या आईचा, म्हणजे त्याच्या आजीचा. आईला दळणाच्या ओव्या येत होत्या. जाते घरातून जाऊन चाळीस वर्षे झाली, पण ओव्या तिच्या तोंडी होत्या. तीन रविवार बसून त्याने तिच्या २२ ओव्या भरल्या. आई आधी लाजली, मग खुलली. शेवटच्या रविवारी तर तिने स्वतःच विचारले, "आज मशीन लावत न्हाईस का रं?"

हिवाळ्यात आई गेली. महिनाभराने मी भाच्याला म्हणालो, "बाळा, आजीच्या ओव्या लाव." त्याचा चेहरा उतरला. फोनची जागा भरली म्हणून मधल्या काळात त्याने ते ॲप काढून टाकले होते. पुन्हा उतरवून घेतले की ओव्या परत दिसतील, असे त्याला वाटले होते. दिसल्या नाहीत. ॲप काढले की त्याच्या पोटात ठेवलेल्या फायलीही बहुधा त्याच्याबरोबर पुसल्या जातात, हे आम्हा दोघांनाही तेव्हा समजले. पोरगा कितीतरी दिवस जेवला नाही धड. ढोलकीला त्याने हात लावला नाही.

त्याला रागावून काय उपयोग होता? मी कारकून माणूस. चूक झाली की नवीन वही घालायची, एवढेच मला ठाऊक. दोन रुपये जास्त देऊन जाड पुठ्ठ्याची वही आणली, चार रकाने पाडले आणि भाच्याला बोलावले. पहिला रकाना : ॲप आपल्या घरातल्या फोनवर चालते का? दुसरा : पैसे किती, आणि एकदाच की दरमहा? तिसरा : गाताना आवाज मागे पडतो का? चौथा रकाना मी लाल शाईने लिहिला : तयार झालेले गाणे ॲपच्या बाहेर काढून ठेवता येते का?

पहिले नाव गॅरेजबँड. हे ॲपल कंपनीचे आहे. २०११ साली ते आधी आयपॅडवर आणि त्याच वर्षी आयफोनवर आले. २०१७ पासून ते सर्वांना मोफत आहे. त्यात पियानो, गिटार, ड्रम बोटाने वाजवता येतात आणि आवाजाचे अनेक ट्रॅक एकावर एक भरता येतात. शिकायला सोपे, दर्जा उत्तम. पण ते फक्त ॲपलच्याच यंत्रांवर चालते. आमच्या घरात सगळे फोन ॲन्ड्रॉइडचे. भाचा हळूच म्हणाला, "मामा, वापरलेला आयपॅड हप्त्यावर मिळतो." मी रकान्यात फुली मारली. ज्या घरात आयफोन आधीच आहे त्यांनी गॅरेजबँडच घ्यावे, दुसरीकडे बघूच नये. पण एका मोफत ॲपसाठी हप्त्याचे ओझे डोक्यावर घेणे हा हिशेब मला पटत नाही.

दुसरे नाव बँडलॅब. ही सिंगापूरची कंपनी. हे ॲप ॲन्ड्रॉइडवर चालते, आयफोनवर चालते, आणि संगणकाच्या ब्राउझरमध्येही उघडते. मूळ ॲप मोफत आहे. जादा सोयींसाठी पैसे भरून सभासद होता येते, पण तशी गरज आम्हाला पडली नाही. यात खाते उघडावे लागते आणि काम इंटरनेटवर त्या खात्यात जमा होते. फोन बिघडला, हरवला, तरी दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने काम पुन्हा उघडते. हे वाचून भाच्याचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "रडू नकोस, पासवर्ड वहीत लिही." कारण खाते विसरले की तीही तिजोरी बंदच.

तिसरे एफएल स्टुडिओ मोबाईल. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीचे. पैसे पडतात, पण दरमहा नाही, खरेदीच्या वेळी एकदाच. जादा आवाज हवे असतील तर ते वेगळे विकत. मुलाला बीट बांधायला शिकायचे असेल, पुढे संगणकावर हेच काम करायचे असेल, तर हा खर्च शिक्षणाचा समजावा, कारण यातले काम त्याच कंपनीच्या संगणकावरच्या एफएल स्टुडिओत उघडता येते. नुसता गळ्याचा आवाज भरायचा असेल तर मात्र याची गरज नाही.

चौथे कोआला सॅम्पलर. किमतीला बेताचे आणि दोन्ही प्रकारच्या फोनवर चालणारे. यात पडद्यावर १६ चौकोन असतात. एक चौकोन दाबून धरायचा आणि कोणताही आवाज करायचा. तो आवाज त्या चौकोनात बसतो. मग बोट लावले की वाजतो. भाच्याने कितीतरी दिवसांनी ढोलकी खाली काढली आणि तिचा एकेक बोल वेगळ्या चौकोनात भरला. बहुतेक ॲपमध्ये आयते ठेके मिळतात ते परदेशी वळणाचे, त्यात आमच्या ढोलकीचा बाज नाही. इथे मात्र वडिलांच्या ढोलकीचा स्वतःचा आवाज फोनमध्ये आला. लांब गायनासाठी हे ॲप नव्हे, पण ठेका बांधायला याच्यासारखे दुसरे आम्हाला आढळले नाही.

याखेरीज स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीचे क्युबेसिस आहे. ते आयपॅडवर २०१२ साली आणि ॲन्ड्रॉइडवर २०२० साली आले. ॲपलचे लॉजिक प्रो मे २०२३ मध्ये आयपॅडवर आले, तेही वर्गणीवर. दोन्ही जाणकारांची हत्यारे. शिकाऊ माणसाने आधी मोफत वस्तूवर हात बसवावा, मग खिशाला विचारावे.

कुणी म्हणेल, फोनवर केलेले गाणे ते काय गाणे! त्यांनी स्टीव्ह लेसीचे नाव ऐकावे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात कॉम्प्टन नावाचे कष्टकऱ्यांचे गाव आहे. तिथला हा कृष्णवर्णीय मुलगा. त्याने आयफोनवर गॅरेजबँडमध्ये गाणी बांधली. गिटार एका छोट्या जोडणीने फोनला लावायचा आणि गळा थेट फोनच्या माइकवर भरायचा. केंड्रिक लामार या मोठ्या रॅप गायकाच्या २०१७ च्या 'डॅम' या अल्बममधल्या 'प्राइड' या गाण्याचे काम त्याने असेच फोनवर केले होते. त्या अल्बमला २०१८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. हत्यार लहान म्हणून कारागीर लहान ठरत नाही, हे सांगण्यासाठी एवढा दाखला पुरे.

आता तिसऱ्या रकान्याकडे येतो, म्हणजे आवाज मागे पडण्याकडे. कानात एक ट्रॅक वाजतो आहे आणि त्यावर आपण गातो, अशा वेळी हा त्रास होतो. ॲपलची यंत्रे आणि त्यांची आतली व्यवस्था एकाच कंपनीची, म्हणून तिथे उशीर कमी. ॲन्ड्रॉइड फोन अनेक कंपन्या बनवतात, म्हणून फोनागणिक फरक पडतो. पण आमचा खरा वैरी निघाला तो बिनवायरचा ब्लूटूथ इयरफोन. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाएवढा, कधी त्याहूनही जास्त उशिरा पोहोचतो. मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत केहरवा धरला तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे जवळजवळ अख्खी मात्राच गळाली! वायरचा साधा इयरफोन लावला आणि निम्मी अडचण मिटली. बाकीची, ॲपच्या सेटिंगमध्ये उशीर दुरुस्त करायची सोय असते, तिने मिटली.

ॲप टिकटिक करून लय देते. केहरव्याला चारचा हिशेब लावायचा, दादऱ्याला सहाचा. पण ओवी या टिकटिकीत बसत नाही. ती जात्याच्या फेऱ्याने चालते, दम लागला की थांबते. ओवी भरताना टिकटिक बंद ठेवावी. पंखा बंद, फोन विमान-मोडवर, कुकर उतरवलेला. भिंतीचा घुमारा येऊ नये म्हणून समोर दोरीवर गोधडी टांगावी आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरावा. एवढ्याने पत्र्याच्या खोलीतही आवाज स्वच्छ येतो.

राहता राहिला लाल शाईचा रकाना. चांगल्या प्रतीचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणीला २ बाइट लागतात. म्हणजे एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ५.३ एमबी. आठ ट्रॅकचे पाच मिनिटांचे गाणे धरले तर सुमारे २१२ एमबी. फोन भरतो तो असा, आणि मग आपण घाईने काहीतरी पुसतो. म्हणून नियम असा करावा : गाणे झाले की त्याच दिवशी ते 'वेव्ह' फाइल म्हणून ॲपच्या बाहेर काढायचे. वर उल्लेखलेल्या चारही ॲपमधून आवाज फाइल करून बाहेर काढता येतो. एक प्रत मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर, दुसरी दुसऱ्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते. फाइलच्या नावात गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. बिननावाचा आवाज दहा वर्षांनी कुणाचा, हे घरचेही सांगू शकत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या एक लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच ओव्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह आज 'पारी' या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या कामाला टेपरेकॉर्डर, वह्या आणि कित्येक वर्षांची पायपीट लागली. आपल्या खिशात यंत्र आहे, आणि आपण एका घरातल्या २२ ओव्या सांभाळू शकलो नाही.

गेल्या महिन्यात नाशिकची मावशी आली होती. बोलता बोलता म्हणाली, "पोराने मला अक्काची ओवी धाडली होती की!" भाचा उडालाच. पहिल्या रविवारी गंमत म्हणून त्याने एक तुकडा मावशीला पाठवला होता आणि विसरून गेला होता. मावशीच्या फोनमध्ये तो तसाच होता. ५० सेकंद. शेवटी आई खोकते आणि म्हणते, "पुरं आता."

त्या रात्री भाच्याने तो तुकडा बँडलॅबमध्ये घेतला, टिकटिक बंद केली आणि आजोबांच्या ढोलकीचा ठेका आजीच्या दमाप्रमाणे, थांबत थांबत, खाली धरला. आई आणि वडील असे एकत्र ऐकायला मी कितीतरी वर्षांनी बसलो होतो. गाणे संपल्यावर मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "मामा, दोन प्रती काढल्यात. एक ताईच्या फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर. वहीत नोंद करा."

मी नोंद केली. सुज्ञ वाचकांस अधिक काय सांगावे? ॲप कोणतेही घ्या. घरात जो फोन आहे त्यावर जे चालते ते आपले. पण घरात गाणारी म्हातारी माणसे असतील तर येत्या रविवारीच त्यांच्याजवळ बसा. आणि उठण्यापूर्वी प्रत काढा.