चोराच्या बाजूने

दरोडा घालणे अवघड. दरोड्याच्या चित्रपटावर मत देणे त्या मानाने फारच सोपे. पहिल्या कामाला धाडस, अक्कल आणि दोन-चार विश्वासू साथीदार लागतात. दुसऱ्याला एक कप चहा पुरतो. प्रेमकथा पाहून आलेला माणूस आपल्या वयाचा विचार करून जरा जपून बोलतो. पौराणिक चित्रपटावर बोलताना कोणाच्या भावना दुखावतील याची धास्ती असते. पण बँक लुटण्याचा चित्रपट पाहिला, की ज्याने जन्मात कधी बिनतिकिटाचा प्रवास केलेला नाही असा पापभीरू गृहस्थही, "छे! मी असतो तर मागच्या गल्लीत गाडी उभी केली असती," असे छातीठोकपणे सांगू लागतो.

मला अशी मते ऐकण्याचा छंद आहे. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. त्यावरची मते मात्र पुढे कित्येक दिवस पुरतात. आणि खरे सांगायचे तर, त्या मतांवरून चित्रपट फारसा कळत नाही. मत देणारा मात्र चांगला कळतो.

स्पाइक ली या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'इनसाइड मॅन' हा २००६ सालचा चित्रपट माझ्या या छंदाला फारच मानवला. गेल्या वर्षी भाऊबीजेला घरात मंडळी जमली होती. दुपारची जेवणे झाली, पाने झाली, आणि चिरंजीवांनी तो दूरदर्शन संचावर लावला. इंग्रजी चित्रपट म्हणून निम्मी मंडळी लवंडण्याच्या बेतात होती. पण पहिल्या काही मिनिटांतच न्यूयॉर्कचे रस्ते दिसू लागले आणि मागे चक्क आपले 'छैय्या छैय्या' वाजू लागले! १९९८ च्या 'दिल से' मध्ये निलगिरीच्या आगगाडीच्या टपावर पाहिलेले ते ए. आर. रहमानचे गाणे दरोडेखोरांच्या गाडीबरोबर धावू लागले तशी सगळी मंडळी उठून बसली. चोर आपल्या गाण्यावर आले म्हणजे निम्मे आपलेच झाले!

कथा अशी. रंगाऱ्यांच्या वेषातले चौघेजण एका बँकेत शिरतात आणि आतल्या गिऱ्हाइकांना नि कारकुनांना ओलीस धरतात. मग त्या सगळ्यांना आपल्यासारखेच रंगाऱ्याचे कपडे नि मुखवटे चढवायला लावतात. झाले! आता चोर कोण नि साव कोण, ओळखायचे कसे? बाहेर डेन्झेल वॉशिंग्टन हा पोलिस अधिकारी वाटाघाटी करतो आहे. आत क्लाइव्ह ओवेन हा टोळीचा म्होरक्या कसलीच घाई नसल्यासारखा बसला आहे. शेवटी सगळेच्या सगळे एकाच वेषात दाराबाहेर पडतात. पोलिस एकेकाला समोर बसवून उलटतपासणी घेतात, पण हाती काही लागत नाही. बंदुका खेळण्यातल्या निघतात, आणि बँकेतली रोकड एका डॉलरनेही कमी झालेली नसते! म्होरक्या मात्र बाहेर पडलेलाच नसतो. बँकेतल्या सामानाच्या खोलीत बांधलेल्या खोट्या भिंतीमागे तो आठवडाभर राहतो आणि एके दिवशी पुढच्या दाराने सरळ चालत निघून जातो.

त्याला हवी होती फक्त एक पेटी, क्रमांक ३९२. ती बँकेच्या वयोवृद्ध संस्थापकाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींशी व्यवहार करून आणि आपल्या ज्यू स्नेह्यांचा घात करून या गृहस्थाने भांडवल उभे केलेले असते. पुढे तो दानशूर म्हणून नावाजला जातो. त्या पेटीत हिरे असतात, नाझींशी केलेल्या व्यवहाराचे कागद असतात, आणि एका ज्यू घरातली अंगठी असते.

आता मते ऐका. आमचे काका छत्तीस वर्षे बँकेत होते, हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. रोकड शाबूत आहे हे कळताच त्यांनी निकाल दिला, "कॅश टॅली झाली ना? मग दरोडा कसला? वेळेचा अपव्यय!" पण मध्येच म्होरक्या पोलिसांना एक कोडे घालतो : ग्रँड सेंट्रल स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांचे वजन जास्त, की अमेरिकेच्या नोटांसाठी तोडलेल्या झाडांचे? पडद्यावरचे पोलिस डोके खाजवीत असताना काका कडाडले, "अरे, नोटेला झाड लागतेच कुठे? कापूस असतो तो! आपल्याही नोटेत कापूसच. म्हणून तर सदऱ्याच्या खिशात धुतली गेली तरी टिकते." उत्तर बरोबर निघाले, आणि त्या क्षणापासून तो चित्रपट काकांच्या मते उच्च दर्जाचा ठरला.

आमच्या सौभाग्यवतींना दरोडेखोर आवडला तो वेगळ्याच कारणाने. ओलिसांमध्ये एक लहान मुलगा असतो आणि तो हातातल्या यंत्रावर मारामारीचा खेळ खेळत असतो. तो खेळ पाहून खुद्द दरोडेखोर हादरतो आणि हे तुझ्या वडिलांच्या कानावर घालायला हवे, असे म्हणतो. "बघा! दरोडेखोराला कळते," एवढेच म्हणून सौभाग्यवतींनी आधी चिरंजीवांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

शेजारच्या वहिनी मात्र एका प्रसंगानंतर चित्रपटात राहिल्याच नाहीत. बँकेतला एक शीख कर्मचारी सुटून बाहेर येतो, तर पोलिस त्यालाच अरब समजून धरतात आणि त्याची पगडी ओढून काढतात. पगडी परत मिळाल्याशिवाय मी बोलणार नाही, असे तो ठणकावतो. वहिनींचा मुलगा न्यू जर्सीत असतो. पुढचा अर्धा तास त्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. तिकडे मध्यरात्र असेल म्हणून लावीत तेवढ्या नव्हत्या.

एका बाबतीत मात्र सर्वांचे एकमत होते. चोर सुटला पाहिजे! चिरंजीवांनी याला लगेच शास्त्राधार काढला. १९७३ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोममध्ये एका बँकेत चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस धरले होते. त्या ओलिसांना दरोडेखोरांपेक्षा पोलिसांचीच भीती वाटू लागली. तेव्हापासून या मनोवृत्तीला त्या शहराचेच नाव पडले. "तुम्हीही दोन तास ओलीसच होतात, आजोबा," असे तो काकांना म्हणाला. विनोद चांगला होता, पण मला ते कारण पुरेसे वाटले नाही.

मग वहिनींनी तो प्रश्न काढला. हा चित्रपट पाहिलेल्या कोणत्याही मंडळींत तो हटकून निघतो. "त्या म्हाताऱ्याने ते कागद जाळून का नाही टाकले? साठ वर्षे होती हातात!"

यावर फार कडाक्याचा वाद झाला. चिरंजीवांच्या मते हे कथेतले भोक आहे. कागद जाळले असते तर चित्रपटच झाला नसता. काका म्हणाले, बँकेचा माणूस कागद फाडीत नाही, त्याचा हात धजत नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, पाप केलेल्या माणसाला आपले पाप कुठेतरी जपून ठेवावेसे वाटत असेल.

आत्या इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसली होती. ती शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्याला बरीच वर्षे झाली. ती म्हणाली, "नाही टाकवत. माझे पासबुक नाही का अजून कपाटात?"

काका सुपारी कातरीत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

हे पासबुक घरातल्या सर्वांना ठाऊक होते, पण त्याविषयी कोणी बोलत नसे. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे साडेपाच लाख हाती आले, ते आत्याने गावातल्या एका सहकारी बँकेत ठेवले होते. व्याज अर्धा टक्का जास्त होते. ठेवण्यापूर्वी तिने आपल्या भावाला विचारले होते आणि काकांनी सांगितले होते, "बँक बुडत नसते, ताई." पुढे एके दिवशी बँकेच्या दारावर सूचना लागली, बाहेर रांग लागली, आणि काही महिन्यांनी परवाना रद्द झाला. ठेवींच्या विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखाची होती. २०२० च्या फेब्रुवारीत ती पाच लाख झाली. आत्याची बँक त्याआधीच बंद पडली होती. तिला एक लाख मिळाले. बाकीचे साडेचार लाख त्या पासबुकात निळ्या शाईने लिहिलेले आहेत.

"तुमच्या बँकेत संध्याकाळी कॅश टॅली व्हायची ना रे?" तिने काकांना विचारले. आवाजात राग नव्हता. "आमच्या बँकेतही रोज व्हायची. कुलूप फुटले नाही, बंदूक नाही, मुखवटा नाही. दरोडा पडलाच नाही. नुसते पैसे नव्हते. आणि अध्यक्ष तर आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला यायचे. मी स्वतः हार घातला आहे त्यांना."

काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कातरलेली सुपारी आत्याच्या हातावर ठेवली आणि ती तिने घेतली. सौभाग्यवती चहा टाकायला उठल्या.

त्या दुपारपासून मी या प्रकारच्या चित्रपटांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहतो. सभ्य, कर भरणारी, रांगेत उभी राहणारी माणसे पडद्यावरच्या चोराच्या बाजूने का होतात? त्यांना चोरी आवडते म्हणून नव्हे. शेजाऱ्याची कुंडी कोणी उचलली तर हीच माणसे पोलिसांत जायला सांगतात. मला वाटते, प्रत्येकाला आपल्या आयुष्यात एखादी पेटी क्रमांक ३९२ भेटलेली असते. ती कोणाची आहे हे ठाऊक असते, आत काय असावे याचा अंदाजही असतो. किल्ली मात्र आपल्याजवळ नसते. वकील उघडीत नाही, अर्ज उघडीत नाही, आणि मालकाला तर सभेत हार घालावा लागतो. मग रंगाऱ्याच्या कपड्यातला एक माणूस येतो, कोणाचा जीव न घेता, गरिबाच्या पैशाला हात न लावता ती पेटी उघडतो आणि पुढच्या दाराने निघून जातो. आपण टाळ्या वाजवतो त्या पेटी उघडली म्हणून.

मात्र त्या चोराचेही मला फार कौतुक करवत नाही. हिरे त्याने नेलेच! पोलिस अधिकाऱ्यासाठी तो अंगठी पेटीत ठेवतो आणि एक हिरा त्याच्या खिशात सोडून जातो. चित्रपट तेथेच संपतो. म्हाताऱ्याला शिक्षा झाल्याचे दाखवीत नाहीत. यावरही आमच्याकडे तक्रारी झाल्या. वहिनींना त्याच्या हातात बेड्या पाहायच्या होत्या; चिरंजीवांना दुसरा भाग हवा होता.

आत्याने एवढेच विचारले, "ती अंगठी ज्यांची होती त्यांच्यापैकी कोणी उरले होते का रे? पोचली का ती त्यांना?"

कोणालाच सांगता येईना. दोन तास नऊ मिनिटांत हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. दरोडा कसा घातला, चोर कसा निसटला, पोलिस कोठे फसले, याची चर्चा करायला माणसे पुष्कळ मिळतात. ज्याचे गेले त्याला परत मिळाले का, हे विचारणारा प्रेक्षक विरळा. आणि तो बहुधा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला असतो.

तेव्हा यंदाच्या सुट्टीत घरी मंडळी जमवून एखादा असा चित्रपट लावणार असाल, तर चहाचे आधण जरा जास्त ठेवा. बोलणारे बोलतीलच. जो गप्प बसला असेल, त्याला मात्र आवर्जून मत विचारा.