न फुटलेली काच

कुलूप हे चोरासाठी नसतेच, ते सज्जनासाठी असते, असे आमच्या आळीतले एक वृद्ध गृहस्थ नेहमी म्हणत. लहानपणी मला हे बोलणे मोठे चमत्कारिक वाटे. पुढे कुलपांचा इतिहास थोडा वाचला, आणि त्या गृहस्थांविषयी आदर वाढला.

लंडनच्या जोसेफ ब्रामा या कारागिराने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवले होते. हे जो किल्लीवाचून उघडील त्याला २०० गिनी बक्षीस! पन्नासाहून अधिक वर्षे ते कुलूप ऐटीत बसून होते. १८५१ साली तिथल्या महाप्रदर्शनासाठी हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने सोळा दिवसांत मिळून ५१ तास खटपट केली आणि ते उघडून दाखविले. आपल्याकडे आर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि मध्यमवर्गीय माणूस कुलूप ओढून पाहून निर्धास्तपणे गावाला जाऊ लागला.

'ओढून पाहून' हे शब्द महत्त्वाचे आहेत बरे का! आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणीही कुलूप लावून तसाच जिना उतरला नाही. दोन हिसके दिल्यावाचून त्यांचे समाधान होत नसे. आता मोटारीची किल्ली म्हणजे एक काळी डबी झाली आहे. बटण दाबायचे नि चालू लागायचे. पुष्कळ गाड्यांना तर तेवढेही नको. डबी खिशात असली की मालक जवळ आल्याचे गाडीला आपोआप कळते.

माझ्या साडूंची गाडी अशीच. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबे टिटवाळ्याच्या गणपतीला गेलो आणि तिथून पुढे खडवलीला. कसाऱ्याच्या गाडीने जाणाऱ्यांना टिटवाळ्यानंतरचे हे स्टेशन ठाऊक असेल. भातसा नदीचे पाणी, काठचे खडक, रविवारची गर्दी! मेव्हणीने पाण्यात उतरायचे म्हणून गळ्यातली साखळी काढली, पर्समध्ये ठेवली आणि पर्स गाडीत. साखळी तिच्या आईची होती. म्हणजे अर्थात माझ्या सासूबाईंची. साडूंनी बटण दाबले आणि आम्ही नदीवर गेलो.

तासाभराने परतलो तो पर्स नाही. काच शाबूत, दार शाबूत, रंगावर ओरखडासुद्धा नाही.

तिथे चौदापंधरा वर्षांचा एक पोरगा वीस वीस रुपये घेऊन गाड्यांवर लक्ष ठेवीत असे. साडूंनी सरळ त्याचे मनगट धरले. पोराने दोन्ही खिसे उलटे करून दाखविले आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, काच नाय फुटली, दरवाजा नाय मोडला. चावी तं तुमच्याच खिशात हाय. मंग मी उघडली कशी?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणापाशीच उत्तर नव्हते. मेव्हणीने नवऱ्याकडे पाहिले. "तुम्ही नक्की बंद केली होती ना?" आता संतापण्याची पाळी साडूंची होती. आपण बटण दाबले, हे ते गणपतीची शपथ घेऊन सांगू लागले.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली. "पण काहीच फोडलेले नाही हो!" असे साडू म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "चोरीला कुलूप फुटावं लागत नाही साहेब." ते खरेच आहे. १८६० च्या दंड संहितेतल्या चोरीच्या व्याख्येत तशी अट नव्हती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. मग त्यांनी विचारले, "कुणावर संशय?"

साडूंनी तोंड उघडण्यापूर्वीच मेव्हणी म्हणाली, "कुणावरही नाही." डोळ्यांत पाणी होते, पण आवाज पक्का होता. परतीच्या वाटेवर डोंबिवलीपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

चार दिवसांनी गाड्यांच्या विजेची कामे करणारा एक कारागीर आम्हांला भेटला. त्याने साडूंना एकच प्रश्न केला, "बटण दाबल्यावर दिवे लुकलुकलेले पाहिलेत का?" ते कोण पाहतो? मग त्याने समजावून दिले. डबी आणि गाडी रेडिओलहरींनी बोलतात, पुष्कळदा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. तेवढ्यात कुणी जवळपास त्याच लहरींवर गोंगाट करणारे यंत्र चालू केले, तर बटण दाबले जाते, पण गाडीला ऐकूच जात नाही. दार उघडेच राहते. मालक निघून गेला की चोर सभ्य माणसासारखा येतो आणि हँडल ओढतो. आमच्या बाबतीत असेच घडले असे तोही छातीठोकपणे म्हणाला नाही. असे घडू शकते, एवढेच म्हणाला.

दुसरी तऱ्हा याहून अजब. बटण नसलेल्या किल्लीला गाडी हळू आवाजात हाक मारते. किल्ली दोन पावलांवर असली तरच ती हाक पोचते. दोन चोर दोन यंत्रे घेतात. एक गाडीपाशी उभा राहतो, दुसरा किल्लीच्या जवळ. पहिला ती हाक दुसऱ्याकडे धाडतो, आणि घरातली किल्ली दारातल्या गाडीला ओ देते! २०११ साली झुरिचच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखविले. त्यावर उतारा म्हणून आता काही नव्या किल्ल्यांत उत्तर यायला किती वेळ लागला हे मोजतात. रेडिओलहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. तेव्हा किल्ली दूर असली की उशीर उघडा पडतो.

हे सारे ऐकून साडू बराच वेळ गप्प होते. साखळी मिळाली नाही; मिळेलसे वाटतही नाही. पण मला राहून राहून वाटते ते निराळेच. पूर्वी फुटलेली काच ही एक साक्ष असे. कुणी परका, दांडगा माणूस येऊन गेला, असे ती सांगे. न फुटलेली काच मात्र घरच्यांकडे बोट दाखविते: मालकाच्या विसराळूपणाकडे, ड्रायव्हरकडे, नाहीतर वीस रुपयांसाठी उन्हात उभ्या राहिलेल्या पोराकडे. चोर साखळी नेतो ती नेतोच, वर कुणातरी गरिबाची अब्रूही नेतो. एकदा ठाण्याच्या कागदावर नाव चढले की ते पुसणे किती कठीण, हे का सांगायला हवे?

तेव्हा या दिवाळीत गाडी घेऊन कुठे निघालात, तर बटण दाबून दिवे लुकलुकलेले पाहा आणि वडिलांसारखा हँडलला एक हिसका द्या. घरी बिनबटणाची किल्ली लहरी अडविणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवा. ती सोय बंद करता येत असेल तर करून टाका. दागिना गाडीत ठेवू नका. आणि इतके करूनही गाडी रिकामी सापडली, तर तक्रार जरूर नोंदवा. पण जवळ उभे असलेल्याचे मनगट धरण्यापूर्वी क्षणभर थांबा. काच फुटली नाही, एवढाच काय तो पुरावा आपल्या हाती असतो, आणि तो कुणाच्याच विरुद्ध नसतो.