एका टिंबाचा आदर

गुरुजींच्या स्मरणग्रंथाची मुद्रिते आम्ही दोघांनी संगणकाच्या जुन्या पडद्यावर तपासली. ग्रंथ छापून आला तेव्हा एका ठिकाणी ‘त्यांचे’चे ‘त्याचे’ झालेले दिसले. टिंब गळाले, त्याबरोबर आदरही.

म्हणून नवा पडदा घेताना आम्ही हट्टाला पेटलो. मुलाला खेळांसाठी १२० हर्ट्झ हवे होते, आईंना मालिकांसाठी ४३ इंची पडदा. ३८४० × २१६० हे बिंदू दोन्ही आकारांत तेवढेच. पण ४३ इंचीत ते इंचामागे सुमारे १०२ पडतात, २७ इंचीत १६३. आम्ही १२० हर्ट्झचा, पण २७ इंचीच घेतला.

आता अनुस्वार ठसठशीत दिसतो. मात्र घरात ज्यांना तो द्यायचा, त्या आई खुर्ची पुढे ओढून मालिका पाहतात.